जिप्सीची चासी आतून सडलीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी डिचोलीचा. बाबांची १९९८ची १३०० सीसी जिप्सी ६ वर्षं माडाच्या झावळ्यांखाली उभी होती. त्याआधी मोरजीला काकांकडे, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. नवी बॅटरी टाकल्यावर इंजिन दुसऱ्या सेल्फला सुरू झालं, तो प्रश्नच नाही. (आई म्हणते भंगारात द्या. तिच्याकडे लक्ष देऊ नका.)

मॅट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखाली थेट अंगण दिसलं. तो पत्रा कापून १८ गेजचा नवा बसवेन. धास्ती आहे ती चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची. मागचा पाटा (स्प्रिंग) जिथे चासीला टांगतात त्या हँगरपाशी स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला आणि चहाच्या भुकटीसारखा चुरा खाली सांडला. म्हणजे चासीचा पोकळ बॉक्स आतूनच पोखरलाय.

गावचा वेल्डर म्हणतो, "वरून पट्टी मारू, अर्ध्या दिवसाचं काम." मला पटत नाही. सडक्या पत्र्यावर टाका धरणार कुठे?

चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून ३ मिमी प्लेट मिग वेल्डिंगने जोडली तर पुरेल का, की बॉडी उतरवावीच लागेल? फॉस्फोरिक ॲसिडवाल्या कन्व्हर्टरने गंज काळा पडतो खरा, पण बॉक्सच्या आत ब्रश जात नाही. कुणी पाइप घालून फवारलंय का? वर मेण मारलं की ग्रीस? चासी नंबरच्या जागेला हात लावणार नाही, नाहीतर रजिस्ट्रेशन रिन्यू करताना पंचाईत.

म्हापसा किंवा फोंड्याकडे चासीचं काम केलेला मिगवाला माहीत असेल तर जरूर सांगा. पाऊस जूनमध्ये येतोय, मांडव गळतो.