मदत हवी आहे: जुन्या सिटीचं व्हीटेक लागतच नाही, सोलेनॉइड बदलू का?

उद्यमनगर_१६
२००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा), मॅन्युअल. पन्हाळ्याच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली तरी ५,००० आरपीएमच्या पुढं आवाज बदलत नाही, ओढ मरते. चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी बंद करून चालू केली की जातो. ऑइल १०,००० किमीला बदलतोय. गॅरेजात सांगितलं, सोलेनॉइड (करंट मिळाला की व्हीटेककडं ऑइल सोडणारा व्हॉल्व्ह) नवा टाका. खर्च करायच्या आधी काय तपासू? आणि व्हीटेक लागल्यावर जाणवतं तरी नेमकं काय?

करवीर_टॉर्क
भावा, सोलेनॉइड अजून घेऊ नकोस. आधी डिपस्टिक बघ. गाडी सपाटीवर, इंजिन गरम करून बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी. ऑइल वरच्या खुणेजवळच पाहिजे.

कारण हा सगळा खेळ ऑइलच्या दाबाचा आहे. दर सिलिंडरला इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बाजूला कॅमवर तीन लोब (उंचवटे) असतात. मधला उंच, पण त्याचा रॉकर (लोबवरून व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) एरवी नुसताच हलतो. ठरलेल्या आरपीएमला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सोलेनॉइडला करंट देतो, ऑइल रॉकर शाफ्टमधून येऊन पिना ढकलतं, तिन्ही रॉकर एकत्र अडकतात आणि दोन्ही व्हॉल्व्ह मधल्या लोबवर चालतात. वरच्या आरपीएमला बरंच ऑइल हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात असतं. खालच्या ऑइल चेंबरमध्ये आधीच कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो.

दाब आला की नाही हे प्रेशर स्विच सांगतो. आला नाही तर ईसीयू व्हीटेक बंद ठेवतो आणि दिवा लावतो. तुझी लक्षणं तशीच आहेत.

डॅशखालच्या सर्व्हिस कनेक्टरच्या दोन पिना वायरनं जोड, चावी ऑन, इंजिन बंद. दिवा लांब लुकलुकला की दहा, आखूड लुकलुकला की एक. २१ म्हणजे सोलेनॉइडचं सर्किट, २२ म्हणजे प्रेशर स्विचचं.

मग सोलेनॉइडचा प्लग काढून पिन आणि बॉडीमध्ये मल्टीमीटर लाव. १४ ते ३० ओहम आले तर कॉइल शाबूत. थेट १२ व्होल्ट दिल्यावर स्वच्छ ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे.

ते ठीक निघालं तर सोलेनॉइड युनिटचे तीन बोल्ट काढ. हेडकडच्या पॅकिंगमध्ये बारीक जाळी असते. लांबवलेल्या ऑइलचा काळा गाळ तिथंच बसतो. जाळीसकट पॅकिंग नवं घाल, पण बोल्ट १२ न्यूटन-मीटरच्या वर आवळू नकोस. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे लगेच जातात. इंजिन फ्लश मात्र अजिबात नको. सुटलेला गाळ परत त्याच जाळीत येतो.

आणि दारात न्यूट्रलला रेझ करून काही कळणार नाही. इंजिन गरम, गाडीला वेग आणि लोड असल्याशिवाय ईसीयू व्हीटेक लावत नाही.

रंकाळा_रेडलाइन
जाणवण्याबद्दल. टर्बोसारखा पाठीत धक्का बसेल ही अपेक्षा सोडा. इनटेकचा आवाज एकदम जाड होतो आणि काटा जिथं मंदावला असता तिथं चढतच राहतो, बास. दोन लोबांचे टॉर्क जिथं जुळतात तिथंच बदल केला तर तो गुळगुळीत वाटतो. मोठा झटका बसत असेल तर बदल उशिरा होतोय, त्याच्या आधीच टॉर्क पडलाय.

‘किक’चं नाव झालं ते १९८९ च्या होंडा इंटेग्रातल्या बी१६ए इंजिनामुळं: १.६ लिटर, १६० पीएस, दोन कॅम, इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीकडं व्हीटेक. सिटीच्या सिंगल कॅमला ते फक्त इनटेकला आहे, त्यामुळं फरक सौम्यच.

चाचणी पन्हाळ्याच्या वळणांवर नको, पर्यटकांची वर्दळ असते. कागलकडं हायवेला पहाटे, दुसऱ्या गिअरला ३,५०० पासून एका दमात ६,५०० पर्यंत.

उद्यमनगर_१६
दोन लांब, दोन आखूड. ओहम २२. लेव्हल खालच्या खुणेवर.

करवीर_टॉर्क
म्हणजे कोड २२, सोलेनॉइडची कॉइल चांगली आहे. ऑइल आणि फिल्टर बदल, ग्रेड मॅन्युअलमधलीच, २०डब्ल्यू-५० नको. जाळी बघ. मग इंजिन बंद असताना प्रेशर स्विच तपास: मल्टीमीटरवर कंटिन्युइटी (सर्किट जोडलेलं) मिळाली पाहिजे, कारण दाब आल्यावरच तो उघडतो. मिळाली नाही तर स्विच बदल. मिळाली आणि तरी २२ परत आला, तर स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून घे. तेव्हा प्रश्न पंपाचा किंवा बेअरिंगचा असू शकतो, आणि तोवर ४,००० च्या वर नेऊ नकोस.