मदत हवी आहे: ४१ प्राध्यापकांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही

जांबोटीचं_रान | १६ नोव्हेंबर, रात्री ११.४२

नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थेट लिहिते. वाइल्डलाइफमध्ये एमएस करायचंय. फॉर्म १५ डिसेंबरला बंद होतो. त्यात एक रकाना आहे, तुम्हाला विद्यार्थी म्हणून घ्यायला तयार असलेल्या प्राध्यापकाचं नाव लिहा म्हणून. तीन आठवड्यांत ४१ जणांना मेल केले. एकाचंही उत्तर नाही. "नको" असंसुद्धा कुणी कळवलं नाही. मेलचं इंग्रजी मैत्रिणीकडून तपासून घेतलंय, त्यात चूक नाही. शिफारसपत्रं तीन लागतात, त्यातलं एकच नक्की आहे. घरी रोज विचारायलेत, काय झालं म्हणून. काय चुकतंय ते स्पष्ट सांगा की कुणीतरी.

भटका_पुणे | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

कुठला देश? कुठलं विद्यापीठ? शिक्षण काय झालंय, मार्क किती, खर्च कोण करणार? यातलं काहीच लिहिलेलं नाही. एवढ्यावर कोण काय सांगणार?

जांबोटीचं_रान | सकाळी ७.३१

एमएस लिहिलंय म्हणजे अमेरिकाच की. बीएस्सी आणि एमएस्सी दोन्ही प्राणीशास्त्रात, दोन्ही बेळगावातून. एमएस्सीला ६४ टक्के. खर्च घरून शक्य नाही, असिस्टंटशिप (म्हणजे विभागात काम करून फी आणि पगार) मिळाली तरच जाणार. हे मेलमध्ये लिहिलंय सगळं.

निपाणीचे_गुरुजी | सकाळी ८.०५

बाळ, परदेशाच्या मागे लागून वय घालवू नकोस. तुझ्याकडे प्राणीशास्त्राची पदवी आहे, म्हणजे यूपीएससीच्या भारतीय वन सेवेला तू सरळ बसू शकतेस. पदवीला प्राणीशास्त्र, वनस्पतीशास्त्र, रसायन, गणित असा ठरलेल्यांपैकी एक विषय असला की पुरे. २०१३ पासून पूर्वपरीक्षा सिव्हिल सर्व्हिसेसबरोबर एकच असते. माझ्या हाताखालून गेलेली दोन मुलं आज या खात्यात आहेत. अभ्यासाची योजना हवी असेल तर लिहून देतो.

जांबोटीचं_रान | सकाळी ८.२०

गुरुजी, मनापासून आभार, पण मला परीक्षेचं नाही विचारायचं. मेलला उत्तर का येत नाही ते विचारायचंय.

भटका_पुणे | सकाळी ९.४०

माझं मत सांगतो. एमएस्सी झाल्यावर पुन्हा मास्टर्स कशाला? गेटला इकॉलॉजी अँड इव्होल्यूशनचा वेगळा पेपर आहे, तो दे. सीएसआयआर नेट लाइफ सायन्सेस दे. बेंगळूरला आयआयएससीचं सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस आहे, माधव गाडगीळांनी उभं केलेलं, तिथं थेट पीएचडीला अर्ज कर. मास्टर्सच हवं असेल तर बेंगळूरच्याच एनसीबीएस या संशोधन संस्थेची वाइल्डलाइफ बायोलॉजीची एमएस्सी आहे, पण ती एक वर्षाआड प्रवेश घेते, तेव्हा आधी साल बघून घे. पुण्यात भारती विद्यापीठात वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अॅक्शनची एमएस्सी आहे. शिमोग्याला कुवेंपू विद्यापीठात वाइल्डलाइफ अँड मॅनेजमेंट आहे, ती तर तुझ्याच राज्यात. भीमगडचं अभयारण्य दाराशी असताना अमेरिकेत जाऊन काय बघणार?

बर्फातला_मराठी | सकाळी ९.५८

मी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत याच विषयात पीएचडी करतोय, मूळ गाव गडहिंग्लज. भटका, पर्याय सगळे चांगले आहेत, पण तिनं विचारलंय वेगळंच.

ताई, तो मेल जसाच्या तसा इथं टाक. तो बघितल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही.

जांबोटीचं_रान | दुपारी १.१५

मराठीत टाकते. "आदरणीय प्राध्यापक, मला लहानपणापासून निसर्गाची आणि विशेषतः वाघांची आवड आहे. मी आपले शोधनिबंध वाचले असून आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची माझी तीव्र इच्छा आहे. मी मेहनती व प्रामाणिक आहे. मला आर्थिक साहाय्याची गरज आहे. सोबत बायोडेटा जोडला आहे." सगळ्यांना हाच पाठवलाय, फक्त नाव बदलून.

बर्फातला_मराठी | दुपारी १.५०

सापडलं. वाईट वाटून घेऊ नकोस, माझे पहिले २६ मेल असेच होते.

इथल्या वाइल्डलाइफ विभागांत पैसा कुठून येतो ते आधी समजून घे. आपल्याकडे विद्यापीठ प्रवेश देतं आणि मग गाइड मिळतो. इथं उलटं आहे. प्राध्यापकाकडे एखाद्या प्रकल्पाचा पैसा असतो, त्या पैशातून तो विद्यार्थ्याची फी आणि पगार भरतो. पैसा नसेल तर विद्यार्थी कितीही हुशार असो, तो घेऊ शकत नाही. आणि हा पैसा बऱ्याचदा त्या राज्याच्या वन्यजीव खात्याकडून येतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी वाटला जातो. त्यामुळे प्रकल्प असतात त्या राज्यातल्या हरणांवर, टर्कीवर, बदकांवर. अशा माणसाला "मला वाघ आवडतात" असं लिहिलं तर तो काय करणार? त्याच्याकडे वाघही नाही आणि वाघासाठी पैसाही नाही.

म्हणून नावांची यादी करून मेल पाठवणं थांबव. जाहिराती बघ. टेक्सस ए अँड एमचा जॉब बोर्ड आहे, इकोलॉग नावाची मेलिंग लिस्ट आहे. तिथं "अमुक प्रकल्पासाठी एक एमएस विद्यार्थी हवा" असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पगारासकट. कोऑपरेटिव्ह रिसर्च युनिट म्हणून एक व्यवस्था १९३५ पासून चालू आहे, केंद्र सरकारचे शास्त्रज्ञ विद्यापीठातच बसतात आणि विद्यार्थी घेतात. त्यांच्याही जागा बघ.

आता मला सांग, तू स्वतः काय काम केलंयस? एमएस्सीचा प्रबंध कशावर?

जांबोटीचं_रान | दुपारी २.३०

प्रबंध मलप्रभेतल्या माशांवर, पण सगळा प्रयोगशाळेतला. रानातलं काम असं काही नाही. घरच्या भाताला गव्यांपासून राखण असते, त्याची वही आहे तेवढी. त्याचा उपयोग नाही म्हणून बायोडेटात घातली नाही.

बर्फातला_मराठी | दुपारी २.३३

कसली वही?

चंदगडचा_काजू | दुपारी ३.०२

गव्यांचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमच्याकडे गवे आहेतच, वर हत्ती. २००२ च्या सुमारास तुमच्या खानापूर-दांडेली बाजूनंच ते इकडं आले आणि नारळ, केळी, ऊस, काही ठेवलं नाही. पंचनाम्याला माणूस यायला आठवडा लागतो, तोवर पायाचे ठसे पावसानं जातात. शिकलेल्या पोरांनी आधी याच्यावर काहीतरी करावं.

भटका_पुणे | दुपारी ३.२०

काजूदादा, म्हणूनच म्हणतोय की हिनं इथंच राहावं. माणसं सगळी बाहेर गेली तर इथला अभ्यास कोण करणार?

बर्फातला_मराठी | दुपारी ३.२६

भटका, मी परत येणार आहे आणि शिकलेलं सोबत आणणार आहे. "गेला तो गेला" हे गृहीत धरू नकोस. आणि ज्या घरातून फी भरता येत नाही, त्या मुलीला पगार देऊन शिकवणारी जागा मिळत असेल तर तिला अडवायचं कशासाठी?

भटका_पुणे | दुपारी ३.४१

अडवत नाही. एनसीबीएसवाल्यांनाही रानातलं काम करायला मिळतं, एवढंच म्हणणं आहे. पण फीचा मुद्दा मान्य.

सीमाभाग_८६५ | दुपारी ४.१०

ताई, महाराष्ट्रानं दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत तुमचं गाव आहे का? असेल तर मराठी मातृभाषेचा दाखला काढून ठेवा, महाराष्ट्रातल्या प्रवेशाला सीमाभागातील उमेदवार म्हणून धरतात. १९५६ पासून आपण हे भोगतोय, निदान जे हक्काचं आहे ते तरी घ्या.

टिळकवाडी_तिसरं_गेट | दुपारी ४.२५

तो दाखला इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांना चालतो हो. अमेरिकेच्या फॉर्मला त्याचा काय संबंध? सीमाप्रश्नाला वेगळा धागा काढा, इथं पोरीची मुदत संपत आलीय.

जांबोटीचं_रान | संध्याकाळी ७.४८

उशीर झाला, शेतात होते. आजपासून कापणी धरलीय.

वहीचं सांगते. आमचं शेत रानाला लागून आहे. भात पोटरीला आलं की गवे उतरायला लागतात, दाणा दुधात असताना सगळ्यात जास्त. आबा आणि मी आलटून पालटून खोपीत झोपतो. तीन वर्षांपूर्वी नुकसानभरपाईचा अर्ज नाकारला गेला, तारखा सांगता आल्या नाहीत म्हणून. तेव्हापासून आबांनी वही घातली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, आता तिसरी चालू आहे. रोज लिहायचं: तारीख, किती गवे, पिल्लं किती, ओढ्याच्या बाजूनं आले की काजूच्या बाजूनं, किती वाजता, पीक कुठल्या अवस्थेत, चांदणं होतं का, आणि कशानं गेले. डबा बडवून, बॅटरीच्या उजेडानं, कुत्र्यानं की फटाक्यानं. पहिल्या वर्षी डब्यानं पळायचे. यंदा डबा वाजवला तर मान वर करून बघतात आणि परत खायला लागतात. उजेडाला अजून बिचकतात.

बर्फातला_मराठी | रात्री ८.०१

एक विचारतो. ज्या रात्री गवे आलेच नाहीत, त्या रात्रीही लिहिल्यास का?

जांबोटीचं_रान | रात्री ८.०९

होय. आबांचा नियमच आहे, पान कोरं सोडायचं नाही. नाही आले तर "काही नाही" असं लिहायचं. तिन्ही वर्षं ऑगस्टअखेरपासून कापणीपर्यंत.

बर्फातला_मराठी | रात्री ८.३०

ताई, ही वही बायोडेटात सगळ्यात वर गेली पाहिजे. माणसं प्राणी दिसला की लिहितात, दिसला नाही की लिहीत नाहीत. मग नुसत्या आलेल्या रात्री हातात राहतात आणि कशामुळे येतात ते काढता येत नाही. तुझ्याकडे दोन्ही आहेत, शिवाय पिकाची अवस्था आहे आणि कुठल्या उपायाला ते सरावले तेही आहे.

आणि हा इथल्या लोकांचाच प्रश्न आहे. पांढऱ्या शेपटीचं हरीण इथं मका आणि सोयाबीन खातं, शेतकरी नुकसान मागतात, कुठला उपाय किती दिवस टिकतो यावर माणसं कामं करतात. हरीण पिकात येतं यावर काम करणारे प्राध्यापक शोध. वाघाचं नाव काढू नकोस. मेल दहा ओळींचा. पहिल्या ओळीत वही, दुसरीत तिच्यातून काय दिसलं, मग त्यांच्या कुठल्या कामाशी ते जुळतं, आणि शेवटी एकच प्रश्न: येत्या फॉल सत्रासाठी तुमच्याकडे पैसे असलेली जागा आहे का? वहीच्या एका पानाचा फोटो जोड, मराठीच राहू दे, खाली इंग्रजीत अर्थ लिही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आठवड्यात पाठवू नकोस, त्याआधी किंवा नंतर. आणि जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते का ते प्रत्येक विभागाच्या पानावर बघ, बऱ्याच ठिकाणी आता काढून टाकलीय.

जांबोटीचं_रान | रात्री ८.५२

बरं. शिफारसपत्रांचं काय करू? प्रबंधाचे सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो.

निपाणीचे_गुरुजी | रात्री ९.१५

त्यात गैर काही नाही. सगळीकडे असंच चालतं. चांगलं लिहून ने.

बर्फातला_मराठी | रात्री ९.२२

गुरुजी, माफ करा, इथं असं चालत नाही. पत्रासाठी लिंक थेट सरांच्या मेलवर जाते आणि त्यांनीच ते चढवायचं असतं. तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी दिसली तर अर्ज तिथंच पडतो. ताई, सरांना पत्र लिहून नेऊ नकोस. एका कागदावर मुद्दे लिहून ने, कुठल्या वर्षी काय केलं, कुठल्या प्रयोगात काय अडचण आली. त्यावरून ते लिहितील. तिसऱ्या पत्रासाठी असा माणूस दे, ज्यानं तुझं रानातलं काम बघितलंय.

निपाणीचे_गुरुजी | रात्री ९.४०

हे मला माहीत नव्हतं. मी चाळीस वर्षं मुलांना उलटंच सांगत आलो. मुद्द्यांचा कागद ही रीत चांगली आहे.

जांबोटीचं_रान | रात्री ९.४४

आमच्या भागातल्या आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेबांनी वही बघितलीय. यंदाच्या पंचनाम्याला तिच्यातल्याच तारखा घेतल्या. पण ते कन्नडमधूनच बोलतात आणि मला कन्नड कामापुरतंच येतं. इतकं मोठं काय मागायचं त्यांच्याकडे, कसं मागायचं कळत नाही.

टिळकवाडी_तिसरं_गेट | रात्री ९.५१

मी कन्नड शिकवते. मला निरोप टाक, विनंतीचं पत्र कन्नडमध्ये लिहून देते, उद्या संध्याकाळपर्यंत. सोबत वही घेऊन जा आणि त्यांच्यासमोर उघड. ते इंग्रजीत चार ओळी लिहू शकले तर उत्तम. कन्नडमध्ये दिलं तर सोबत इंग्रजी भाषांतर लागेल, तेही करू.

चंदगडचा_काजू | रात्री १०.३०

आमच्याकडेही आता वही घालतो. रकाने कसे आखलेत त्याचा फोटो टाकाल का?

जांबोटीचं_रान | ४ डिसेंबर, रात्री ९.१८

उशिरा लिहिते. मळणी झाली. काजूदादा, फोटो निरोपात पाठवलाय.

जाहिराती बघून नऊच मेल पाठवले, प्रत्येक वेगळा. तिघांची उत्तरं आली. दोघांकडे यंदा पैसे नाहीत, पण दोघांनीही नीट लिहिलंय, एकानं पुढच्या वर्षी परत कळव म्हटलंय. तिसऱ्या मॅडम मक्यातल्या हरणांवर काम करतात. त्यांनी मंगळवारी बोलायला वेळ दिलाय. साहेबांचं पत्र गेलं, इंग्रजीतच. सरांचंही गेलं.

मॅडमनी फोटोवरून एक विचारलंय. पानावर एका रात्री "पाऊस, दिसलं नाही" असं आहे, ते आणि "काही नाही" एकच का? मला वाटतं वेगळं धरायला हवं. धुवांधार पावसात खोपीतून दहा हातांवरचं दिसत नाही, गवे येऊन गेले असले तरी कळणार नाही. बरोबर आहे ना?

बर्फातला_मराठी | रात्री ९.२५

बरोबर. वेगळंच धर. तशा रात्री किती आहेत?

जांबोटीचं_रान | रात्री ९.४७

आबांबरोबर बसून आत्ता मोजल्या. तिन्ही वह्यांत मिळून १७.

बर्फातला_मराठी | रात्री ९.४९

आजच कळव त्यांना. मंगळवारची वाट बघू नकोस.