व्हिक्टोरियन इमारती म्हणजे दगडातल्या जाहिरातीच. मग भिंतीवरच्या जुन्या जाहिराती का पुसायच्या?

बोरूबहाद्दर

जुन्या दगडी इमारतीचं कौतुक करताना आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं: "त्या पाट्या आणि होर्डिंगं काढली ना, की बघा कशी खुलते!" म्हणजे इमारत ही कला आणि जाहिरात ही तिच्यावर चढलेली बुरशी. मला हे मान्य नाही. निदान व्हिक्टोरियन काळापुरतं तरी अजिबात नाही.

लंडनचं सेंट पँक्रस रेल्वे स्टेशन घ्या. मिडलंड रेल्वे ही लंडनात उशिरा पोचलेली कंपनी. शेजारीच तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीचं किंग्ज क्रॉस १८५२ पासून उभं होतं, साधं, दोन मोठ्या कमानींचं. मिडलंडने काय केलं? जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटला गाठून स्टेशनाच्या पुढ्यात राजवाड्यासारखं हॉटेल बांधून घेतलं. १८७३ मध्ये ते उघडलं. त्याच्या विटा नॉटिंगहॅमच्या आणि छपराची स्लेट (पाटीचा दगड) लेस्टरशायरची, म्हणजे ज्या मुलखातून कंपनीच्या मालगाड्या धावत होत्या तिथलाच माल. दर्शनी भाग म्हणजे कंपनीचं सँपल बुकच! प्रवाशाने रस्त्यावरून बघूनच ठरवावं की गाडी कुठल्या कंपनीची पकडायची.

प्रुडेन्शियल ही विमा कंपनी याच्याही पुढे गेली. आल्फ्रेड वॉटरहाउसने लंडनमध्ये हॉबर्नला तिचं मुख्यालय लालभडक टेराकोटात (भाजलेल्या मातीत) बांधायला घेतलं १८७० च्या दशकात, आणि मग गावोगावच्या शाखाही त्याच लाल रंगात उभ्या राहिल्या. अक्षर न वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकालाही कळावं की विम्याचं ऑफिस ते. आज एजन्सीवाले ज्या ब्रँडिंगचे लाखो रुपये घेतात, ते हेच. डोल्टन या मातीच्या भांड्यांच्या कारखान्याने लॅम्बेथमध्ये स्वतःची इमारतच स्वतःच्या टाइल्स आणि टेराकोटाने मढवली, की आता वेगळा कॅटलॉग कशाला?

जाहिरात कला याच बाजारात वाढली. इंग्लंडमध्ये जाहिरातींवरचा कर १८५३ मध्ये उठला, कागदावरचा १८६१ मध्ये. रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडावरून चित्रं छापायची पद्धत, स्वस्त झाला. १८८६ मध्ये मिले या नामांकित चित्रकाराने आपल्या नातवाचं साबणाचे फुगे उडवतानाचं चित्र काढलं. ते फिरत फिरत पेअर्स साबणाच्या टॉमस बॅरटकडे गेलं आणि त्यात साबणाची वडी आली. रॉयल अकॅडमीच्या चित्रकाराचं चित्र किराणा दुकानात टांगलं गेलं. काही मंडळींनी नाकं मुरडली. पण साबण खपला, आणि ज्यांनी जन्मात कुठली गॅलरी पाहिली नव्हती त्यांच्या घरात चित्र गेलं.

आपल्याकडे मुंबईतलं बोरीबंदरचं स्टेशन (आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्सचं काम, १८७८ ते १८८८. घुमटावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती, फाटकावर सिंह आणि वाघ, भिंतीवर कंपनीची चिन्हं, जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांचे दगडी चेहरे. दगडातली पानं-फुलं-प्राणी यांवर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात फिरले. त्याच शाळेतून पुढे चित्रकार धुरंधर आले आणि त्यांनी पोस्टकार्डं, पोस्टरं काढली. एकाच शाळेतून दोन्ही कामं निघाली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: त्या काळातली किंवा लगेच नंतरची जी रंगवलेली जाहिरात विटांवर अजून फिकट दिसते, तिला कमानीइतकंच संरक्षण हवं. "इमारत स्वच्छ करताना" ती धुऊन टाकणं म्हणजे पुस्तकाचं मुखपृष्ठ ठेवून पानं फाडणं. बोला आता.

चुनखडी

बोरूराव, लिहिलंय झकास, पण शेवटची उडी मोठी मारलीत. इमारतीने जाहिरातीचं काम केलं, हे मान्य. म्हणून तिच्यावर चिकटवलेली प्रत्येक जाहिरात इमारतीचा भाग होत नाही. डोल्टनच्या टाइल्स वास्तुविशारदाच्या नकाशात होत्या. बाजूच्या आंधळ्या (बिनखिडकीच्या) भिंतीवर कोणी कोकोची जाहिरात रंगवली, ती भिंत भाड्याने मिळाली म्हणून. दोन्हींना एका तराजूत कसं घालता?

मी जतनाचं काम करते, त्यामुळे जरा रुक्ष बोलते. पाटी दगडावर बसवायला लोखंडी ब्रॅकेट ठोकतात. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून दगड फोडतं. पावसाचं पाणी त्याच भेगेतून शिरतं. पोरबंदरच्या मऊ दगडावर तैलरंगाचा जाड थर दिला की आतला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते, मग रंगासकट दगडाची साल निघते. मुंबईतल्या चार पावसाळ्यांत हे डोळ्यांनी दिसतं. फोर्टातल्या दर्शनी भागांवरचे डाग आणि भोकं बघा, निम्मी पाट्यांचीच देणगी आहे.

आणि हे तुमच्या व्हिक्टोरियन लोकांनाही कळत होतं बरं का. छपरावर लोखंडी सांगाडा उभारून आकाशात अक्षरं टांगायची फॅशन लंडनमध्ये आली होती. १८९१ मध्ये कायदा करून ती बंद केली. १८९३ मध्ये सार्वजनिक जाहिरातींच्या अतिरेकाविरुद्ध रिचर्डसन इव्हान्सने संस्थाच काढली, आणि १९०७ मध्ये स्थानिक संस्थांना नियम करायचा अधिकार देणारा कायदा आला. म्हणजे राणीच्या राज्यातच लोक वैतागले होते. आपण त्यांच्यापेक्षा जास्त व्हिक्टोरियन का व्हायचं?

आपल्याकडचं उदाहरण मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्याचं. तिथे पाट्या हद्दपार नाही केल्या. कमानीच्या आत बसतील अशा केल्या, दगडी कोरीवकाम उघडं पडलं. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारात त्याची दखल घेतली गेली. दुकानं बंद पडली नाहीत त्यामुळे. पाटी असू दे, पण इमारतीचं ऐकणारी.

बोरूबहाद्दर

चुनखडीताई, ब्रॅकेट आणि छपरावरचे सांगाडे यांची बाजू मी घेतलीच नाही. मी बोलतोय विटेवर थेट ब्रशने रंगवलेल्या अक्षरांबद्दल. त्यात ना खिळा, ना भोक. ती इतकी वर्षं टिकली याचं कारणही मजेशीर आहे: त्या वेळच्या रंगात शिशाचा पांढरा आणि जवसाचं तेल असायचं. नंतरचे बिनशिशाचे रंग उडून गेले, ही अक्षरं राहिली. रंगवणारा शिडीवर बसून, दोरीने आखून, मोठी अक्षरं नजरेच्या अंदाजाने काढायचा. त्याचं नाव आज कोणाला माहीत नाही. स्कॉटला सर ही पदवी मिळाली, वॉटरहाउसचं कौतुक झालं, आणि ह्या माणसाचं काम आपण पाण्याच्या फवाऱ्याने उडवायचं?

टेम्सकाठी

इंग्लंडात राहतो म्हणून दोन शब्द. इथे अशा फिकट जाहिरातींना घोस्ट साइन म्हणतात आणि त्यांचे फोटो काढत हिंडणारे लोक आहेत. (माझी बायको त्यातलीच एक. रविवारी आम्ही देवळात कमी आणि गल्ल्यांमधल्या भिंतींसमोर जास्त उभे असतो.)

यॉर्कमध्ये तटबंदीजवळ एका घराच्या बाजूच्या भिंतीवर 'बाइल बीन्स' नावाच्या गोळ्यांची प्रचंड जाहिरात आहे. रोज रात्री घ्या, तब्येत ठणठणीत, डोळे चमकदार आणि बांधा सडपातळ, असा तिचा मजकूर. भिंतीवरचं काम विसाव्या शतकातलं, पण गोळ्या १८९० च्या दशकाच्या अखेरच्या. पर्यटक तिच्यासमोर फोटो काढतात. २०१२ मध्ये तिथल्या वारसा संस्थेने ती पुन्हा झगझगीत रंगवून घेतली.

आता गंमत ऐका. या गोळ्यांचं म्हणणं असं होतं की ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या गुप्त वनस्पतीचा शोध कोणा शास्त्रज्ञाने लावला. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायालयात कंपनीच दुसऱ्यावर दावा लावायला गेली आणि न्यायालयाने सांगितलं की ही सगळी कथा बनावट आहे, धंदा फसवणुकीवर उभा आहे, त्यामुळे संरक्षण मिळणार नाही. थोडक्यात ते जुलाबाचं औषध. आणि आज आपण त्याला वारसा म्हणून रंगाचा नवा हात देतो! मला ती भिंत आवडते, खोटं का बोलू. पण बोरूराव, "कमानीइतकंच संरक्षण" म्हणताना कमान कोणाला फसवत नाही, हेही लक्षात घ्या.

नस्ती_उठाठेव

कमान कोणाला फसवत नाही? गिरगावातल्या आमच्या चाळीच्या दर्शनी कमानी बघून माझ्या सासऱ्यांनी आत खोली घेतली होती. आत संडास मजल्याला एक.

आगगाडी_वेडा

धागाकर्त्याच्या बोरीबंदरच्या उदाहरणावरच आक्षेप आहे, आणि तो मूळ मुद्द्याला लागतो.

जाहिरात कोण करतं? ज्याला गिऱ्हाईक ओढायचं असतं तो. सेंट पँक्रसला शेजारी स्पर्धक होता, बरोबर. पण बोरीबंदर बांधणाऱ्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेला तिथे कोण स्पर्धक? ठाणे, कल्याण, पुढे पुणे किंवा नाशिकला जायचं तर तीच गाडी. शिवाय कंपनीच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा कमी पडला तर फरक सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या करातून. ज्याला नफ्याची हमी आहे तो जाहिरात कशाला करेल? १६ लाखांहून जास्त रुपये त्या इमारतीत घातले ते गिऱ्हाइकासाठी नव्हे. तो थाट सत्तेचा. सिंह आणि वाघ तिकीट विकायला बसलेले नाहीत, कोण राज्य करतंय ते सांगायला बसलेत.

सत्तेचा थाट आणि बाजाराची जाहिरात यांत फरक केला नाही तर मग ताजमहालही जाहिरात आणि रायगडाचा नगारखानाही जाहिरात. सगळंच जाहिरात म्हटलं की काहीच सांगून होत नाही.

बोरूबहाद्दर

हा आक्षेप वजनदार आहे. पण हमी मिळाली म्हणून दाखवायचं कारण संपलं असं नाही. कंपनीचं भांडवल लंडनमध्ये उभं राहत होतं. इमारत उभी राहण्याआधी ॲक्सेल हेग या चित्रकाराकडून तिचं भव्य जलरंगचित्र करून घेतलं होतं. आजचे बिल्डर ब्रोशरमध्ये देतात त्याचा हा खापरपणजोबा! गिऱ्हाईक कर्जतचा शेतकरी नव्हता, हे खरं. गिऱ्हाईक विलायतेत होतं, आणि थोडं गव्हर्नरच्या बंगल्यात. १८९९ मध्ये बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेनेही त्याच स्टीव्हन्सकडून चर्चगेटला मुख्यालय बांधून घेतलं. प्रवासी पळवायला नसेल, पण आपण कमी नाही हे दाखवायला नक्कीच.

नगारखान्याचं म्हणाल तर त्याचा नकाशा छापून शेअर विकले गेले नव्हते.

माजघर

मी वेगळ्या बाजूने विरोधात. इथे सगळे साबणाच्या त्या गोड चित्राबद्दल बोलताहेत. त्याच पेअर्सने १८९९ मध्ये छापलेली जाहिरात आठवते का? पांढऱ्या गणवेशातला आरमारी अधिकारी हात धुतोय, आणि मजकूर असा की "गोऱ्या माणसाचं ओझं" (इतरांना 'सुधारायची' गोऱ्यांनी घेतलेली जबाबदारी) हलकं करायचं पहिलं पाऊल म्हणजे स्वच्छतेचे धडे देणं. कोपऱ्यात गुडघ्यावर बसलेला सावळा माणूस. काळ्या मुलाला साबणाने गोरं करणारी चित्रंही त्याच कंपनीची. ही होती तुमची घरोघर गेलेली कला.

सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ मध्ये कोलकात्याच्या बंदरात उतरल्या, "मेड इन इंग्लंड" असं कोरून. त्याच साली इंग्लंडात त्या साबणाच्या नावाचं टुमदार गाव बसायला सुरुवात झाली, कामगारांसाठी, जुन्या इंग्रजी घरांच्या धाटणीचं. आज ते गाव जपलंय, छान आहे म्हणतात. पण त्या गावाचा पैसा कुठल्या बाजारातून आला हे घरांच्या दारांवर कुठे लिहिलेलं नाही. जाहिरात जपायची तर तिच्याखाली हे लिहायची तयारी ठेवा. नाहीतर पुसलेलीच बरी.

टेम्सकाठी

माजघरताई, म्हणूनच तर पुसू नये! पुसली की आरमारी अधिकारी गायब आणि फुगे उडवणारा गोंडस नातू तेवढा उरतो.

माजघर

भिंत म्हणजे संग्रहालय नव्हे. संग्रहालयात आपण मनाने जातो. भिंत रोज शाळेत जाणाऱ्या मुलाला न विचारता दिसते. तुमच्या यॉर्कमधल्या शाळकरी मुलीला "सडपातळ राहा" हे रोज का वाचायला लावायचं?

चुनखडी

धागा भरकटायच्या आत कामाचं बोलते. बोरूरावांचं "कमानीइतकंच" मला मान्य नाही, आणि माजघरताईंचं "पुसलेलीच बरी" हेही नाही. व्यवहारात आम्ही असं करतो: आधी भिंतीचे सरळ उजेडातले आणि तिरप्या उजेडातले फोटो. तिरप्या उजेडात दोन-तीन जाहिराती एकावर एक दिसतात, कारण भाडेकरू बदलला की नवा पेंटर जुनीवरच रंगवायचा. मग अक्षरांची मोजमापं, रंगाच्या कणाची तपासणी. त्यानंतर भिंतीला धोका नसेल तर जाहिरात आहे तशी सोडून द्यायची. फिकट होते तर होऊ दे. यॉर्कसारखं नव्याने रंगवणं मात्र मला अजिबात पटत नाही. ते जतन नाही, ती नवी जाहिरातच झाली. तीन थरांतला कुठला थर रंगवायचा, हे तरी कोणी ठरवायचं?

बोरूबहाद्दर

नव्याने रंगवा असं मीही म्हटलेलं नाही. पण ताई, "फिकट होते तर होऊ दे" हे तुम्ही कोरीव दगडाबद्दल म्हणाल का? घुमटावरच्या प्रगतीचं नाक झिजलं तर लगेच परांची बांधता, वर्गणी काढता.

चुनखडी

प्रगतीचं नाक पडलं तर खाली उभ्या माणसाच्या डोक्यात पडतं, बोरूराव. अक्षर पडत नाही. परांची त्यासाठी असते. बाकी तुमच्या पाहण्यात फोर्ट-भुलेश्वरकडे अशी रंगवलेली भिंत असेल तर पत्ता टाका. पावसाळ्यापूर्वी फोटो आणि मोजमाप घेऊन ठेवते. आणि मालक उच्च दाबाच्या पाण्याने धुवायला निघाला असेल तर आधी मला सांगा. त्याने अक्षरं तर जातातच, विटांमधला चुनाही निघून येतो.