बदामाच्या पिठाचा केक डाएटमध्ये चालते की नाही?

बर्डीवाली:
चार महिन्यांत सात किलो कमी झाले माझे, अन् दर रविवारी केक खाऊन. मैदा-साखर नाही, इतवारी बाजारातून बदाम आणते, मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवते (सलग फिरवलं की तेल सुटते, पहिला पाव किलो असाच लगदा झाला होता), 200 ग्रॅम पीठ, चार अंडी, थोडं लोणी, चमचाभर इसबगोल नाहीतर भुगा होते, अन् गोडव्यासाठी साखरेऐवजी एरिथ्रिटॉलची पावडर. आठ तुकडे, माझा एक, बाकी घरचे संपवतात. जाऊबाई म्हणे ही स्वतःची फसवणूक आहे, डाएट करायचं तं गोड सोडायचं. मला नाही पटून राहिलं. तुमचं काय?

तर्री_रविवार:
जाऊबाई बरोबर आहेत ताई. मैद्यात 100 ग्रॅमला 350 कॅलरी, बदामात 600 च्या जवळ! कार्ब उतरले पण कॅलरी चढल्या नं. मी पण असाच "हेल्दी आहे बाप्पा" म्हणून चार-चार तुकडे हाणत होतो, महिन्यात दोन किलो वाढलो. त्यापेक्षा कधीमधी एक खरी संत्रा बर्फी खायची, विषय खतम.

बर्डीवाली:
चार तुकडे खाल्ले त्यात बदामाचा काय दोष भाऊ 😄

जवस_चटणी:
बदाम परवडत नसतील तं जवस घ्या, आपल्याकडे काय कमी आहे का. 100 ग्रॅममध्ये 29 कार्ब पण त्यातले 27 फायबर. वाटून पाण्यात भिजवलं की अंड्यासारखं चिकट होते. फक्त मफिन दिसायला गोवरीसारखे होतात, पाहुण्यांपुढे ठेवू नका.

तर्री_रविवार:
अन् त्या गोडव्याचं काय? डब्ल्यूएचओनं 2023 मध्ये सांगितलं नं की वजन कमी करायला असल्या बिनसाखरेच्या गोडाच्या भरवशावर राहू नका.

डब्बा_उघडा:
ते सुक्रालोज, स्टीव्हिया वगैरेंबद्दल होतं, एरिथ्रिटॉलसारख्या शुगर अल्कोहोलला (नावात अल्कोहोल, पण दारू नाही, साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) तो सल्ला लागूच नाही. पण त्याच वर्षी एका संशोधनात रक्तातलं एरिथ्रिटॉल अन् हार्ट अटॅकचा संबंध दिसला, कारण तेच आहे असं सिद्ध नाही झालं तरी हार्टवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. माझा राग वेगळ्यावर आहे, शुगर फ्री बिस्किटांचं पाकीट उलटवून बघा, बऱ्याचदा माल्टिटॉल निघते, ते पण शुगर अल्कोहोलच. त्यात ग्रॅमला 2 कॅलरी असतातच, रक्तातली साखर पण थोडी चढते, अन् जास्त खाल्लं तं पोटात असं गुडगुडते की मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते.

तर्री_रविवार:
बरं ताई, हिशोब सांगा, तुमच्या एका तुकड्यात किती?

बर्डीवाली:
230 च्या आसपास.

तर्री_रविवार:
म्हणजे तेल लावलेल्या दोन पोळ्या झाल्या नं!

बर्डीवाली:
हो, म्हणूनच रविवारी रात्री मी पोळ्या नाही खात. वरण, भाजी, काकडी, अन् मग केक.

तर्री_रविवार:
पोळी सोडून केक? माय वो. आमच्या आईसमोर नका बोलू हे.