वडील 58 ला निवृत्त, 24 लाख येणार: पतसंस्था की पोस्ट?

शिरोलीकर: शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून वडील या महिन्याअखेर निवृत्त होतायत. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून 24 लाख. ईपीएस (पीएफसोबतची पेन्शन योजना) पेन्शन महिन्याला साधारण 3,100. आई-वडिलांचा घरखर्च 16,000, कर्ज नाही. गल्लीतल्या पतसंस्थेचा पिग्मीवाला 10 टक्के व्याज सांगतोय. 60 पूर्ण नसल्यानं पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना मिळणार नाही, असंही म्हणतोय. खरं आहे का?

हिशेबवही: नाही. 55 ते 60 मध्ये निवृत्त झालेल्यांना ती मिळते, पण निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून 3 महिन्यांत खातं उघडायला हवं, आणि ठेव त्या रकमेपेक्षा जास्त चालत नाही. घोटाळा होतो तो इथंच. ग्रॅच्युइटी आधी येते, पीएफ रेंगाळतो, आणि माणूस सगळं एकदम ठेवू म्हणून थांबतो. जी रक्कम आधी आली तिच्या तारखेपासून दिवस मोजा. निवृत्तीची तारीख, रक्कम आणि ती दिल्याची तारीख असलेला दाखला कंपनीकडून आत्ताच मागून ठेवा.

ज्येष्ठ नागरिक योजनेत 16 लाख ठेवले तर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 32,800, म्हणजे महिन्याला 10,933. उघडताना असलेला दर 5 वर्षं तोच राहतो. पोस्टाच्या मासिक योजनेत 4 लाख ठेवले तर 7.4 टक्क्यांनी 2,466. पेन्शन धरून 16,499 झाले. उरलेले 4 लाख दवाखान्यासाठी बँकेत, एक-एक लाखाच्या चार एफडी करून. अडचणीला एकच मोडावी लागेल.

तिमाहीचं व्याज बचत खात्यात आपोआप जमा होईल असं लिहून द्या. न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. टीडीएस (व्याजातून आधीच कापला जाणारा कर) कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म दर एप्रिलला भरा.

कसबा बावडा: पतसंस्थेबद्दल स्पष्ट सांगतो, कारण यात म्हातारपण अडकतं. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून, त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. सहकारी बँकेलाही तो लागू आहे. पतसंस्थेला, मल्टिस्टेट सोसायटीला नाही. नावात ‘बँक’ आहे की ‘क्रेडिट सोसायटी’, हे बोर्डावर नव्हे, पावतीवर वाचा. दोन टक्के जादा व्याज 24 लाखांवर वर्षाला 48,000. त्यासाठी पणाला लागते सगळी मुद्दल.

शिरोलीकर: समजलं. मध्येच पैसे लागले तर?

हिशेबवही: ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज मुद्दलातून कापून घेतात. 1 ते 2 वर्षांत ठेवीच्या दीड टक्का, त्यानंतर एक टक्का कपात. म्हणून ते 4 लाख बाजूला. आणि जोडीदार म्हणून आईचं नाव घाला, वारस नोंद त्याच फॉर्मवर करा. पेन्शनचा 10डी फॉर्मही लगेच भरा.