दर्यात फजिती झाली असेल तर इथे लिहा (शिडाची बोट, मचवा, लाँच, काहीही)

आडबंदर
आमच्या वरच्या मजल्यावरचे लोक कपड्यांची दोरी अर्धवट सोडून गावाला गेलेत. परवा पाऊस आला तेव्हापासून तिचं टोक ग्रिलच्या पाइपवर आपटतंय. टण्. टण्. टणटण. बायको म्हणाली, वॉचमनला सांगा. मी म्हटलं, झोप तू. मला झोप लागणार नव्हतीच. नांगरलेल्या बोटीत शिडाची दोरी डोलकाठीवर अशीच वाजते, आणि पडल्या पडल्या त्या आवाजावरून वारा किती वाढलाय ते कळतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर अखेर. मुंबईहून गोवा, तिघे मित्र, अठ्ठावीस फुटी जुनी बोट आणि नऊ दिवसांची रजा. त्यातले दोन दिवस मांडव्याच्या अलीकडेच इंजिनच्या बेल्टपायी गेले. हर्णैला पोचलो तेव्हा शेजारच्या मचव्यावरचा म्हातारा तांडेल (बोटीचा म्होरक्या) म्हणाला, "संध्याकाळी डोंगराकडं बगा. वीज दिसली तर उद्याबी निघू नका." वीज दिसली. पण फोनवर वायव्येचा दहा नॉटचा वारा दाखवत होते आणि रजा संपत आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. वारा पाठीवर, बोट नुसती घसरत होती. भेळ केली. आठच्या सुमारास अंजनवेलचं दीपगृह डाव्या हाताला आलं आणि वारा एकदम पडला. शिडं लुळी. आणि मग वास आला, ओल्या मातीचा. किनाऱ्यापासून पाच मैल आत, आणि नाकात ओली माती! आम्ही तिघेही "अहाहा" म्हणालो, इतके आम्ही शहाणे.

पुढच्या मिनिटाला पूर्वेकडून, म्हणजे जमिनीकडून वारा आला तो भिंत कोसळावी तसा. शिडाचा आडवा दांडा डावीकडे होता तो फाडकन उजवीकडे गेला, आणि जाताना मित्राच्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडलं. शीड उतरवता उतरवेना. विजा अशा की तेवढ्या परिसरात उंच म्हणावी अशी एकच वस्तू, आमची डोलकाठी. दोघांचे फोन आणि हातातला जीपीएस प्रेशर कुकरमध्ये घालून झाकण लावलं. (धातूच्या डब्यात वाचतात असं कुठेतरी वाचलं होतं. वाचले खरे.) रात्रभर जयगडच्या बाहेर घिरट्या घालत बसलो, अंधारात आत शिरायची छाती झाली नाही. उजाडल्यावर आत गेलो.

तुमचंही लिहा.

टवाळ_पोपट
किती शिट्ट्या केल्यात?

आडबंदर
@टवाळ_पोपट, दोन. एक माझी, एक मित्राची.

गोदीवाला
मुरूडच्या पुढे, रात्री दोन. इंजिनवर चाललो होतो कारण वारा शून्य. घर्र झालं आणि इंजिन बंद. पंख्यात जाळं. टॉर्च मारला तर हिरवी नायलॉनची दोरी, आणि ती नुसती गुंडाळलेली नाही, घासून घासून वितळून दांड्याभोवती गोळा झालेला, दगडासारखा. भाजीच्या सुरीनं काय होतंय. शेवटी करवतीचं पातं एका टोकाला चिंधी बांधून हातात धरलं आणि बुड्या मारून कापलं, पाऊण तास. बोट वरखाली होते आणि तळाची शिंपलं पाठ सोलून काढतात हे कोणी सांगत नाही. सकाळी जाळ्याचा मालक आलाच. मी पैसे काढले. त्यानं घेतले, मोजले, आणि वर बादलीभर बांगडे दिले. अजून कळलं नाही की कोण कोणाला भरपाई देत होतं.

सुमेधा_क
बांगडे कसे केलेत ते लिहा ना. बाकी वाचून पोटात गोळा आला. मला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना लाँच सुटायच्या आधीच मळमळतं.

हर्णैची
बोटीत बसायच्या आधी कोरडी चपाती खायची नि लांब डोंगराकडं बघत राहायचं. फोनमध्ये बघायचं नाही. आवळासुपारी चघळा.

आणि @आडबंदर भाऊ, आमच्या म्हाताऱ्यानं बरोबर सांगितलं होतं. पावसाळा सरताना वीज सह्याद्रीवर होते आणि रात्री दर्यावर उतरते. फोनमध्ये ती दिसत नाही. बाकीच्या हंगामात पहाटे जमिनीवरून येणारी मतलई असते, ती वेगळी, ती गरीब. मतलईवर बाहेर जायचं आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं, इंजिन नव्हतं तेव्हा सगळा धंदा ह्याच्यावर होता.

टवाळ_पोपट
मी इतकी वर्षं मतलई म्हणजे मतलबी वारा समजत होतो.

हर्णैची
😂 पुण्याचे काय?

टवाळ_पोपट
ठाणे. अपमान करू नका.

खाडीत_अडकलेला
आमचं वादळबिदळ काही नाही, निव्वळ मूर्खपणा. पुनवेनंतरच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यात मोठ्या भरतीला केळशीच्या खाडीत शिरलो. काय ती जागा! सुरू, वाळू, पाणी आरशासारखं. नांगर टाकला, खिचडी लावली. पाणी उतरायला लागलं तशी खिचडी पातेल्यात एका बाजूला सरकायला लागली. तासाभरात बोट कुशीवर. डिझेल तांदळात, तांदूळ अंथरुणात. आम्ही चौघं बोटीच्या बाहेरच्या अंगावर बसून लोणचं-पाव खातोय आणि गावातली पोरं टॉर्च घेऊन भोवती प्रदक्षिणा घालतायत. एकानं विचारलं, "काका, पंक्चर झाली काय?"

खरी मजा पुढे. सगळ्यात मोठ्या भरतीला रुतलं की पुढची प्रत्येक भरती थोडी कमी. मध्यरात्रीनंतरच्या भरतीला बोट हलली पण सुटली नाही. मग त्याच पोरांना घेऊन फावड्यांनी चर खणला आणि दुपारच्या भरतीला कशीबशी निघालो. अजून एक दिवस गेला असता तर अमावास्येपर्यंत तिथेच संसार.

अलिबागची_सून
आमच्या आजेसासूबाई अमावास्येला कोणालाही लाँचमध्ये पाय ठेवू द्यायच्या नाहीत. मला वाटायचं अंधश्रद्धा. मग एकदा त्यांनीच सांगितलं. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट. काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. भर पावसात, लोक सणाला घरी निघालेले. त्यांच्या आळीतल्या तीन घरांत त्या वर्षी दिवाळी झाली नाही. त्यानंतर मी कधी वाद घातला नाही. आता रो-रोनं गाडीसकट जातो, तरी अमावास्या असली की पेणवरून रस्त्यानं. ट्रॅफिकमध्ये चार तास बसायचं पण आजींचं ऐकायचं.

गोदीवाला
@सुमेधा_क, बांगडे: हळद, मीठ, तिरफळ संपलेलं म्हणून नुसती मिरची. स्टोव्ह झोके खात होता, त्यामुळे एक बाजू कच्ची.

देवगडकार
ओखी वादळाच्या वक्ताक, डिसेंबर २०१७, देवगड बंदरात केरळच्यो साठ-पासष्ट बोटी शिरल्यो. माणसा साडेनऊशेच्या आसपास. बंदरात पाणी दिसा नाय, नुसत्यो बोटी.

(पुढे सगळ्यांना कळेल असं लिहितो.) भाषा कळेना. आम्ही हिंदीत, ते मल्याळममध्ये, सगळं हातवाऱ्यांवर. काहींनी दोन-तीन दिवस धड खाल्लं नव्हतं. आमच्या आईनं उकड्या तांदळाची पेज केली, वर खारातली मिरची. किटलीतून धक्क्यावर नेली. एका म्हाताऱ्यानं वाडगा तोंडाला लावला, थांबला, आणि म्हणाला, "कंजी." मग हसला आणि रडायलाच लागला. आई घरी येऊन म्हणाली, मेल्यांनो, ती पण आपल्यासारखीच पेज खातत.

@आडबंदर, परत याल तेव्हा जयगडला घिरट्या घालू नका, सरळ विजयदुर्गात किंवा आमच्याकडे या. आत आलात की बाहेर काहीही असू दे.

मिऱ्या_बंदर
११ नोव्हेंबर २००९. फयान वादळ. मामाची बोट रत्नागिरीहून गेली होती. सकाळी आभाळ भरलेलं होतं पण तसं तर असतंच. त्यांच्या बोटीवर वायरलेस नव्हता, मोबाइलची रेंज दहा-बारा मैलांवर संपते. सांगायचं ठरवलं तरी कसं सांगणार. मामा नाही आला. दोन खलाशी आले, एक डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून.

एवढंच. आता कोणी दर्यात जात असेल तर १५५४ फोनमध्ये घालून ठेवा, तटरक्षक दलाचा आहे. आणि रेंजच्या बाहेर जाणार असाल तर वायरलेस घ्याच.

अलिबागची_सून
🙏

हर्णैची
आमच्या वाड्यातले पण होते त्यात. काय बोलू.

खाडीत_अडकलेला
@मिऱ्या_बंदर, तुमचं वाचून माझी खिचडी फार हलकी वाटली. लिहिलंत ते बरं केलंत.

सुमेधा_क
@आडबंदर, एक विचारू? राग मानू नका. तुमच्या गोष्टीत सुकाणू कोणाकडे होतं ते आलंच नाही.

आडबंदर
माझ्याकडे.

वारा पाठीवर असताना दांडा एका दोरीनं पुढे ताणून बांधतात, अचानक फिरू नये म्हणून. ती बांधलेली होती. भेळ खाताना मध्ये येत होती म्हणून मी सोडली. "खाऊन झाल्यावर बांधतो" म्हणालो. मित्रानं हे कधी कोणाला सांगितलं नाही, डॉक्टरलाही "पडलो" म्हणाला. बोट पुढच्या वर्षी विकली. तो भेटतो अधूनमधून, लग्नाकार्यात. उजवा हात अजून पूर्ण वर जात नाही. अक्षता टाकायची वेळ आली की डाव्या हातानं टाकतो.

गोदीवाला
भाऊ. दहांतले आठ जण ती दोरी सोडतात. मी तर बांधतच नाही.

हर्णैची
बांधा हो गोदीवाले.

टवाळ_पोपट
मी मघाशी शिट्टीचा विनोद केला त्याबद्दल सॉरी.

आडबंदर
अरे नाही. त्या रात्री मित्रानंही हाच केला होता, मोडक्या हाडासकट.

सुमेधा_क
आणि वरच्यांची दोरी? बांधली का?

आडबंदर
घराला कुलूप आहे त्यांच्या. गच्चीवरून वाकून बघितलं, हात पुरत नाही. वॉचमनकडे लांब काठी आहे म्हणे, तो सातला येतो. आत्ता वाजतेय. वारा वाढलाय थोडा, दक्षिणेकडून असावा.