निबंध आणि जाहिरात यांच्यातील सीमारेषा नेमकी कोठे?

प्रश्न : पूर्वभागकर, सोलापूर

माझी मुलगी बारावीत आहे. 'सोलापुरी चादर' या विषयावर तिने लिहिलेल्या निबंधाखाली शिक्षकांनी 'ही जाहिरात झाली, निबंध झाला नाही' एवढाच शेरा देऊन वही परत केली. त्यातील काही वाक्ये जशीच्या तशी देतो : 'सोलापुरी चादर म्हणजे उबेचे दुसरे नाव. घराघरांत हीच चादर वापरली जाते. ज्याने ती एकदा अंगावर घेतली, त्याला दुसरी चालत नाही. तिला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणून सर्वांनी हीच चादर घ्यावी.' आमच्या घरात दोन पिढ्या माग चालला, त्यामुळे मला यातले एकही वाक्य खोटे वाटत नाही आणि अडचण तीच आहे. विधान, युक्तिवाद, दाखला हे शब्द शिक्षक वापरतात. त्यांतील फरक मला तिला सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर : निवृत्त मास्तर, विजापूर रोड

शेरा त्रोटक असला तरी योग्य आहे. आपल्याकडच्या न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तेच चादरीला लावून पाहू. 'ही चादर दीर्घकाळ टिकते' ही प्रतिज्ञा, म्हणजे आपण ज्याला मुख्य विधान म्हणतो ते. 'कारण तिची वीण जाड सुताची आणि घट्ट असते' हा हेतू. 'घट्ट विणीचे जाड कापड टिकते, जशी सतरंजी' हे उदाहरण, ज्याला शिक्षक दाखला म्हणतात. 'ही चादरही तशाच विणीची आहे' हा उपनय, आणि 'म्हणून ती टिकते' हे निगमन. ही सगळी साखळी मिळून युक्तिवाद होतो. मुलीच्या निबंधात प्रतिज्ञा चार आहेत आणि शेवटी निगमनही आहे. मधला हेतू मात्र जवळजवळ कोठेच नाही.

जो एक हेतू दिसतो, तो मानांकनाचा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन 2005-06 मध्ये मिळाले, हे खरे. परंतु मानांकन त्या नावाचा आणि गुणांचा गावाशी असलेला संबंध सांगते. इतर सर्व चादरींहून ही चांगली, असे ते सांगत नाही. ज्या विधानासाठी पुरावा दिला, त्याला तो लागूच पडत नसेल, तर जुन्या पंडितांच्या भाषेत तो हेत्वाभास ठरतो.

आणखी एक गोष्ट राहिली, ती पूर्वपक्षाची, म्हणजे विरुद्ध बाजूच्या आक्षेपाची. बाजारात हलक्या वजनाची, लवकर वाळणारी ब्लँकेटे स्वस्तात मिळतात. हा आक्षेप निबंधकाराने स्वतः मांडून त्याला उत्तर द्यावयास हवे.

उत्तर : पाट्या-पत्रके

मी नवी पेठेतल्या दुकानांच्या पत्रकांचा मजकूर पंचवीस वर्षे लिहीत आलो आहे, तेव्हा आमच्या धंद्याच्या बाजूनेही दोन शब्द. 'घराघरांत हीच' याला लाटेचे तंत्र म्हणता येईल : सगळे घेतात, तुम्हीच मागे का? 'उबेचे दुसरे नाव' हा चमकदार शब्द, ज्याचे खंडनही करता येत नाही. अनुभवी ग्राहकाच्या तोंडून बोलणे ही साक्ष. लाट, साक्ष, चमकदार शब्द ही नावे नवी नाहीत. 1937 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने प्रचाराची सात साधने सांगितली, त्यांत या तिन्ही आहेत. 'शेवटचे तीन दिवस' हे टंचाईचे तंत्र मुलीने वापरले नाही, हे तिचे नशीब. आम्ही ते गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी वापरतो.

पण जाहिरात म्हणजे खोटेपणा, असे कोणी समजू नये. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात खोट्या वर्णनाबरोबरच महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवणेही येते. पूर्वपक्ष न मांडण्याची मुभा आम्हांला आहे, लपवण्याची नाही. या दोहोंमधली जागा अरुंद आहे, हे मात्र मान्य.

उत्तर : वाचनालयाचा सभासद

मास्तरांच्या उत्तरात एक भर घालतो. ॲरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले : बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि प्रत्यक्ष तर्क. त्यामुळे भावना निबंधाला वर्ज्य नाही. तर्काची जागा भावनेने घेतली, की तक्रार सुरू होते.

प्रश्नकर्ता : पूर्वभागकर

सर्वांचे आभार. मुलीने पुन्हा लिहावयास घेतले आहे. तिच्या आजोबांनी स्वतःच्या मागावर विणलेली एक चादर आमच्याकडे तीस वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. ती तिला निबंधात आणावयाची आहे. तो पुरावा म्हणावा की दाखला?

उत्तर : निवृत्त मास्तर, विजापूर रोड

दाखला. एका चादरीवरून सर्व चादरी टिकाऊ ठरत नाहीत, म्हणून तिच्या आधी विणीविषयीचे वाक्य येऊ द्यावे. मात्र तो दाखला काढू नये : मागावर बसलेल्या माणसाच्या नातीने लिहिले आहे हे वाचकाला कळले, की ॲरिस्टॉटलच्या तीन मार्गांपैकी पहिला, विश्वासार्हतेचा, मार्गही आपोआप साधतो.